दवघोळीवरची सुनावणी

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर या मांडवातल्या एकाही माणसाचा विश्वास बसणार नाही. बसला, तर इथल्या इथं मिशी उतरवून देतो!"

असं म्हणून हणमंत तात्या सरगरांनी माईकवर दोन टिचक्या मारल्या आणि अख्खा मांडव हसला. टेंभूरवाडीची ही जुनी पद्धत. तात्यांनी तोंड उघडलं की माणसं आधी हसून घेत आणि मग ऐकत. ऐकून झाल्यावर कुठं हसायचं होतं ते शोधत बसण्यापेक्षा हे सोयीचं पडे.

तिसऱ्या रांगेतली एक बाई मात्र हसली नाही. ती तात्यांची मुलगी, रेश्मा. बापाचा आवाज तिला ऐकू येत होता, पण शेजारच्या घरातला मिक्सर ऐकू यावा तसा. रागावलेली होती म्हणावं, तर तसंही नव्हतं. राग यायला आत काहीतरी गरम लागतं. तिच्या आत गेली तीन वर्षं फ्रीजचं दार उघडं राहिल्यासारखं होतं.

ती सांगलीजवळच्या एका डेअरीत दूध तपासायची. गवळी कितीही गोड बोलू दे, शपथा घेऊ दे, ही गुमान कॅनमध्ये लॅक्टोमीटर सोडायची आणि म्हणायची, "शंभराला अठरा पाणी. पुढचा." बाप गोष्टीत पाणी घालतो आणि लेक दुधातलं पकडते, असं गावात म्हणायचे. तात्या हे वाक्य स्वतःच चारचौघांत सांगत आणि सगळ्यात मोठ्यानं हसत.

आता तात्या थापाडे होते यात वाद नाही. पण त्यांची एक गोष्ट टेंभूरवाडीत देवासारखी मानली जाई, ती म्हणजे त्यांची वही. एकतीस वर्षं ते हवामान केंद्रात निरीक्षक होते. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच, पांढऱ्या झडपांच्या पेटीसमोर उभं राहायचं. आत दोन थर्मामीटर. एक कोरडा, दुसऱ्याच्या टोकाला ओल्या मलमलीची चिंधी. चिंधीतलं पाणी जितकं भराभर उडेल तितका त्याचा पारा खाली, आणि दोन पाऱ्यांतलं अंतर जितकं जास्त, तितकी हवा कोरडी. निवृत्त झाल्यावर त्यांनी तशीच पेटी स्वतःच्या अंगणात उभारली आणि वही चालू ठेवली. तात्या तोंडानं सांगतील त्यातलं निम्मं सोडावं, वहीत लिहितील ते सगळं धरावं, असा गावाचा हिशेब.

आणि म्हणूनच नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांनी, बनसोडे साहेबांनी, आजच्या सुनावणीला पहिली साक्ष त्यांची ठेवली होती. विषय एकच. तात्यांच्या कॉलनीतली दवघोळ ठेवायची, की उपटून टाकायची?

दवघोळ म्हणजे काय, हे इथं नीट सांगितलं पाहिजे.

आपली साधी घोळ सगळ्यांच्या पाहण्यातली. लालसर काड्या, गुबगुबीत पानं, डाळ घालून भाजी करतात ती. उपटून दगडावर टाकली तरी आठ दिवस मरत नाही. तिची सगळी चिवटाई तिच्या श्वासात आहे. झाडाच्या पानाला बारीक भोकं असतात. हवा आत घ्यायची तर ती उघडावी लागतात, आणि उघडली की आतलं पाणी उडून जातं. बाकीची झाडं हा आतबट्ट्याचा धंदा भर उन्हात करतात. घोळ तशी नाही. पाणी तुटलं की ती दिवसा भोकं मिटून बसते आणि रात्री, गारव्याला, उघडते. रात्री घेतलेली हवा आम्ल करून पानात साठवते आणि दिवसा दारं लावून त्याच शिदोरीवर स्वयंपाक करते.

विद्यापीठाच्या कोरडवाहू केंद्रातल्या डॉक्टर इरावती मुळगुंद यांनी तिला आणखी एक खोड लावली. वाळवंटात झाऊचं झाड असतं. ते पानांवाटे मीठ बाहेर टाकतं, आणि ते मीठ रात्री हवेतली वाफ ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाची बरणी ओलावते ना, तसंच. मुळगुंदबाईंनी झाऊची ही कला घोळीच्या अंगी उतरवली. पानावर मिठाचा पातळ थर, थरात रात्रीची वाफ, आणि सालीतून ते पाणी हळूहळू पानात. जमिनीला एक थेंब द्यायला नको. अकरा दिवसांतून एकदा नळ येणाऱ्या गावात, चैत्र-वैशाखात, बोटभर जाडीची हिरवीगार गादी!

पहिल्या वर्षी केंद्रानं वीस अंगणांत लावली. मग काड्या हातोहात गेल्या. तोडायची आणि टोचायची, की लागली. बारशाला आलेली बाई ओटीत काडी घेऊन जायची. त्यामुळं कोणाच्या दारात कधी लागली, याची नोंद ना केंद्राकडे, ना नगरपंचायतीकडे. पाचव्या वर्षी कॉलनीतली चारशे घरं हिरवी झाली होती.

चारशे अंगणं मिळून रात्रभर हवा प्यायला लागली, तेव्हा व्हायचं ते झालं. कॉलनी खोलगट जागेत, वारा पडलेला. सकाळची आर्द्रता पूर्वी साठाच्या घरात असायची, ती तात्यांच्या वहीत एकोणीस टक्क्यांवर आली.

*

रेश्मा त्याच सकाळी आठच्या एसटीनं आली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा. तात्यांनी फोनवर एवढंच म्हटलं होतं, "मंगळवारी सुनावणी हाय. तू ये. आली नाहीस तर मी बोलणार नाही."

फाटक उघडून ती आत आली आणि पायाखाली काहीतरी मऊ लागलं. अंगण हिरवं होतं, भिंतीपासून भिंतीपर्यंत. मध्ये ती पांढरी पेटी. तात्या पेटीचं दार लावून वळले. हातात वही होतीच.

"आलीस?"

"आले."

"पाणी घे. माठातलं घे, दात ठणकतील. कोरड्या हवेत माठ लई गार पडतो. फ्रीजवाल्याचा धंदा बसला गावातला."

ती हसली नाही. त्यांनीही वाट पाहिली नाही. वाकून त्यांनी एक पान खुडलं आणि तिच्यापुढं धरलं.

"चाव."

तिनं चावलं. आंबट होतं.

"रात्रभर साठवलेलं आम्ल," तात्या म्हणाले. "हेच संध्याकाळी चाव, नुसतं पाणी लागंल. दिवसभरात सगळं वापरून टाकती."

"तात्या, कशाला बोलावलंत?"

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "ऐकायला."

"मग इथंच सांगा की. एसटीचं भाडं घालून मांडवात कशाला?"

"घरात नाही जमत गं मला. घरात तोंड उघडलं की तुझी आई दिसती तिथं चुलीपाशी. मला माईक लागतो, आणि पन्नास माणसं लागतात हसायला. त्याशिवाय माझ्या तोंडातनं काय निघत नाही. तुला ठावं हाय."

तिला ठाऊक होतं. तिनं पिशवी ओसरीवर ठेवली. समोरच्या भिंतीवर आईचा फोटो होता. त्याचा हार सुकून कागदासारखा झाला होता, पण रंग गेला नव्हता. या हवेत फुलं कुजतच नाहीत, नुसती थांबतात.

आईवर, शालनबाईंवर, मिरजेच्या दवाखान्यात सात महिने उपचार चालले होते. पहिले चार महिने त्या सांगलीला रेश्माकडेच राहून तिथं ये-जा करत. आई जाईपर्यंत दीड-दोन वर्षं रेश्माला गावी यायला जमलंच नव्हतं. पहाटे सहा वाजून दहा मिनिटांनी आई गेली. रेश्मानं तात्यांना फोन केला. तात्या "बरं" म्हणाले. अँब्युलन्स घेऊन ती नऊच्या सुमाराला दारात आली, तेव्हा तात्या याच पेटीसमोर उभे होते. हातात वही. साडेआठचं रीडिंग त्यांनी चुकवलं नव्हतं.

त्यानंतरचे तेरा दिवस रेश्माला आठवत नव्हते. म्हणजे दिवस गेले हे ठाऊक होतं, पण आत बघायला गेलं की कोरा कागद. त्या कागदावर दोनच गोष्टी होत्या. एक, वही हातात धरलेला बाप. आणि दुसरी, त्याचे डोळे. तेरा दिवसांत त्या डोळ्यांत एक थेंब आला नाही. तेराव्याला जेवणावळ उठली तेव्हा ती सगळ्या भावकीसमोर म्हणाली होती, "तुम्हाला काय वाटतच नाही का हो? दगड तरी पाझरतो." आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेली होती.

"जेवून जाऊ," तात्या म्हणाले. "सुनावणी अकराला हाय."

दोघं समोरासमोर बसून जेवले. पिठलं-भाकरी होती. चव होती का नव्हती, हे रेश्माला सांगता आलं नसतं.

शेजारच्या मंगलकाकू ढोबळे कुंपणावरून डोकावल्या. उडदाच्या पापडांची चळत पुढं करून म्हणाल्या, "आली व्हय गं बाय! घे, कालचे हायत. एका उन्हात वाळत्यात आता. सोळा बायका कामाला लावल्यात मी, पुण्यापतोर माल जातोय." मग तात्यांकडं बघून म्हणाल्या, "तात्या, आज जरा जपून बोला. सोळा चुली हायत तुमच्या जिभेवर."

तात्या काही बोलले नाहीत. हे नवल होतं, पण रेश्माच्या ध्यानात आलं नाही.

*

तर, मांडव.

तात्यांनी आधी वहीतले आकडे वाचले. पाच वर्षांचे, महिन्यावार. मुळगुंदबाई लिहून घेत होत्या. सावळ्या, बारीक अंगाच्या, केस पांढरे व्हायला लागलेल्या बाई. प्रत्येक आकड्याला मान हलवत होत्या, कारण त्यांच्या यंत्राचे आकडेही तेच होते.

मग तात्यांनी वही मिटली, आणि मांडव खुर्च्या सावरून बसला. आता खरी गंमत.

"हे झालं पाऱ्याचं. आता माणसाचं ऐका. परवा आमच्या अंगणात पाहुण्याच्या हातनं चहा सांडला. खाली पडेस्तवर भुकटी! झाडून पुन्हा डब्यात भरली. परशा गोंधळ्याची संबळ एवढी ताणली, की नुसतं तिच्याकडं बघितलं तरी वाजती. आणि दूध! गवळी फाट्यावर पाणी घालतो, पर कॉलनीत येईस्तवर त्यातलं पाणी उडून जातं. सबंध तालुक्यात निर्भेळ दूध मिळतं ते फक्त आमच्याकडं. इथं माझी लेक बसलीया. तिला विचारा, नोकरी जाईल तिची!"

मांडवानं मागं वळून रेश्माकडं बघितलं आणि हसून घेतलं. तिनं हात जोडल्यासारखं केलं.

"तात्या," बनसोडे साहेब म्हणाले, "त्रास काय झाला ते सांगा. फायदा मंगलताई सांगतील."

"सांगतो." तात्यांनी माईक जवळ ओढला. आवाज बदलला नाही. तोच गोष्ट सांगायचा आवाज. "त्रास असा, की माझे डोळे वाळले."

कोणीतरी पुन्हा हसलं. मग थांबलं.

"माझं कुटुंब गेलं, तीन वर्षं झाली. पोरीचा फोन आला. मी म्हटलं, आता रडू येईल. अंगणात येऊन उभा राहिलो. येईना. म्हटलं, सवयीचं काम करून बघू, मन मोकळं होईल. रीडिंग घेतलं. येईना. गाडी आली, तिला खाली उतरवली. येईना. लोक बघत होते. पोर बघत होती. मी कोपऱ्यात जाऊन पापण्या चोळल्या, कांदा लावला, खरं सांगतो, कांदा लावला डोळ्याला. नुसती आग झाली. पाणी नाही. तेव्हा मला कळंना हे काय. आता कळतंय. ही तुमची घोळ. हवेतलं पाणी पिऊन हिचं भागंना, तिनं माझ्या डोळ्यांतलं पिलं. माणूस दुःखानं भरलेला असतो हो, पर बाहेर कायच येत नाही. पोरीला वाटलं, बाप दगड हाय. तिनं तोंड बघायचं सोडलं माझं. हा त्रास. लिहून घ्या."

रेश्मानं मांडीवरचे हात पाहिले. ते जिथं होते तिथंच होते. बाप काय म्हणाला ते तिला समजलं होतं, आणि समजल्यावर आतल्या त्या थंड जागेत काहीतरी किंचित हललं. तर असं होतं. दगड नव्हता. झाड होतं. इतकं साधं. तीन वर्षं आपण एका झाडाचा राग माणसावर काढला. तिला वाटलं, आपल्याला बरं वाटायला हवं. तिनं वाट पाहिली.

मुळगुंदबाईंनी पेन खाली ठेवलं. "तात्या, मी तुमच्या वहीला मानते. पण यात अडचण आहे. कोरड्या हवेनं डोळ्यावरची पातळ ओल उडते, डोळे चुरचुरतात. तशा तक्रारी आहेत, आम्ही थेंब वाटतोय. पण डोळा चुरचुरला की उलट जास्त पाणी येतं. आणि दुःखाचं पाणी वेगळ्या वाटेनं येतं. मेंदूचा हुकूम सुटतो, आणि वरच्या ग्रंथीतून धार लागते. त्या हुकमाला हवा अडवू शकत नाही."

"हुकूम सुटला असंल हो बाई," तात्या म्हणाले, "पर टाकीच रिकामी होती."

या वेळी मांडव हसला नाही.

मुळगुंदबाईंनी लिहून घेतलेले आकडे पुन्हा एकदा चाळले. मग जड आवाजात म्हणाल्या, "एक शक्यता आहे. मी लपवणार नाही. त्या ग्रंथीच्या नसांना वर्षभर, रोज रात्री, दारातल्या भरगच्च गादीलगतच्या कोरड्या हवेचा मारा बसला, तर त्या थकू शकतात. कायमच्या. कागदावर हे शक्य आहे. प्रत्यक्षात अजून असा एकही माणूस आम्हाला सापडलेला नाही. तुम्ही पहिले असाल, तर मी आजच्या आज लिहून देईन. चारशे अंगणं आम्हीच येऊन उपटू. माझी बारा वर्षं गेली यात, तरी उपटू." त्यांनी चष्मा सारखा केला. "म्हणून एकच विचारते. पत्नी गेल्या तेव्हा तुमच्या अंगणात दवघोळ किती दिवसांची होती?"

तात्यांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. "दीड वर्षाची."

"भरगच्च?"

"गादी! पाऊल रुतायचं."

मंगलकाकू दुसऱ्या रांगेतून अर्ध्या उठल्या. त्यांचं तोंड उघडलं. मग त्यांनी मान वळवून रेश्माकडं पाहिलं आणि पदर सावरून पुन्हा खाली बसल्या. त्यांच्या आजूबाजूच्या चार-पाच बायकांनीही माना खाली घातल्या. कॉलनीतला परशा गोंधळी छताकडं बघायला लागला. सोळा चुली होत्या, चारशे अंगणं होती, तरी कोणी बोललं नाही. माणूस बायकोबद्दल बोलत असताना मध्ये पडायची रीत टेंभूरवाडीत नव्हती.

"याला पुरावा?" बनसोडे साहेबांनी विचारलं.

"वहीत झाडाची नोंद नसती साहेब. वहीत हवा असती."

"मग घरातल्या एका माणसाची सही लागेल." साहेबांनी कागद पुढं केला आणि मांडवावर नजर फिरवली. "मुलगी आलीय ना? ताई, तुम्ही त्या दिवशी होता. या इकडं. हे वाचा आणि बरोबर असलं तर सही करा."

रेश्मा उठली. पाय आपोआप चालत गेले. टेबलाशी तिनं कागद हातात घेतला. कारकुनानं सुबक अक्षरात तात्यांची गोष्ट चार ओळींत आटपली होती. "पत्नीच्या मृत्यूसमयी घराच्या अंगणात दवघोळीचा पूर्ण विस्तार असून, त्यामुळे साक्षीदारास अश्रू येणे बंद झाले होते."

तात्या माईकपाशी उभे होते, तिच्याकडं बघत. पन्नास वर्षं थापा मारलेल्या माणसाचा चेहरा, सरावाचा. फक्त वही धरलेली बोटं पांढरी पडली होती. तेव्हा तिला कळलं की ही साक्ष नगरपंचायतीसाठी नव्हतीच. साहेब, मुळगुंदबाई, मांडव, सगळे नुसते हसायला आणि लिहून घ्यायला बोलावलेले. सांगायचं होतं ते तिसऱ्या रांगेला. त्यासाठी म्हातारा सगळ्या कॉलनीचं हिरवं पणाला लावून बसला होता.

सही केली की झालं. बाप परत मिळत होता, निर्दोष. संध्याकाळी त्याच्याबरोबर घरी जायचं, चहा करायचा, उद्याची गाडी पकडायची, दिवाळीला पुन्हा यायचं. आणि एक गोष्ट तिनं कधीच कोणाला सांगितली नव्हती. त्या तेरा दिवसांत तीही रडली नव्हती. सही केली की तीही सुटत होती. तीही त्याच अंगणात झोपली होती ना.

तिनं पेन घेतलं. सही करायच्या आधी, दुधाचा नमुना पुन्हा एकदा ढवळून बघावा तसं, तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं. दवघोळीचा पूर्ण विस्तार. तिनं तो डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला. हिरवं अंगण, सकाळी पाहिलं तसंच. त्यावर अँब्युलन्समधून उतरवलेली आई. मग पाट मांडला. मग आईला अंघोळ घालायची म्हणून...

पाणी.

नळ येऊन नववा दिवस होता. घरात एक बादली पाणी नव्हतं. मंगलकाकू आपल्या घरातली कळशी घेऊन आल्या, शेवटची. मग समोरची आली तांब्या घेऊन. मग परशाची बायको. मग रांगच लागली. ज्याच्या घरात जेवढं उरलं होतं तेवढं, झाकून आणलेलं, पितळेच्या तांब्यात, प्लास्टिकच्या जगमध्ये, एकीनं तर मुलाच्या शाळेच्या बाटलीत. पहिला तांब्या रेश्मानं ओतला होता. आईच्या केसांवरून, खांद्यावरून, पाटावरून. आणि ते पाणी खाली उतरून पळायला लागलं. शहाबादी फरशीच्या सांध्यासांध्यानं, उन्हात चमकत, तात्यांच्या पायांजवळून वळून, फाटकाखालून सरळ बाहेर. रस्त्यावरच्या फुफाट्यात त्याच्या गोळ्या झाल्या. ती तांब्या हातात धरून त्या पाण्याकडंच बघत राहिली होती. आईकडं नाही. आणि तिच्या मनात त्या वेळी जे वाक्य आलं ते तिला आता, तीन वर्षांनी, शब्दन् शब्द ऐकू आलं.

किती पाणी वाया चाललंय.

एवढंच आलं होतं मनात. दुसरं काही नाही. त्या वाक्यावर तिनं बापाचे कोरडे डोळे झाकणासारखे ठेवले होते, आणि वर तीन वर्षं बसून राहिली होती.

पेन तिनं टेबलावर आडवं ठेवलं.

"काय झालं ताई?" साहेब म्हणाले. "बरोबर नाही का?"

तात्या माईकमधून पुटपुटले, "सही कर की गं, रेश्मे." सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

ती बापाकडं वळली. तिचा आवाज तोच होता, डेअरीतला, सपाट.

"थाप आहे ही, तात्या. आईला घातलेलं पाणी फाटकाखालून रस्त्यावर गेलं. मी बघत उभी होते. घोळ असती तर पाणी फाटकापर्यंतसुद्धा गेलं नसतं. फरशी होती. उघडी फरशी होती, आणि तुम्ही रडला नाहीत. मीही नाही रडले."